फटफटीवरची पिवळी रेघ

ती फटफटी मी घेतली तेव्हा तिचा मूळ रंग कोणता, हे सांगता येत नव्हते. टाकीच्या पोटाखाली हिरवट रंगाचे दोन बोटभर पापुद्रे शिल्लक होते. बाकी सगळा गंज. बदली होऊन गेलेल्या एका डॉक्टरांच्या बंगल्यामागे, समुद्राच्या वाऱ्याच्या तोंडावर, ती तीन पावसाळे झापांच्या आडोशाला उभी होती. इंजिन लहानसे, पावणेदोन घोड्यांचे. दोन्ही टायर सपाट, बसायच्या जागेचे कातडे उंदरांनी खाल्लेले. बंगला राखणाऱ्या माणसाने डॉक्टरांना पत्र घालून विचारले आणि पंचावन्न रुपयांना ती मला मिळाली. हमालांकडून ढकलत ती घरी आणली तेव्हा बायको ओटीवर उभी राहून पाहत होती. ती म्हणाली, "ही आपल्याला नेणार, की आपण हिला?"

मी तेव्हा बेचाळीस वर्षांचा होतो. रस्त्यांच्या कचेरीत मोजणीचा कारकून. कंत्राटदार रस्त्याच्या कडेला खडीचे ढीग घालतात. त्यांची लांबी, रुंदी, उंची घेऊन घनफूट काढायचे आणि कागदावर लिहिलेले ढीग जमिनीवर खरोखर आहेत की नाहीत ते पाहायचे, हे माझे काम. पंधरा वर्षांत माझ्या मोजणीत कोणी चूक काढली नव्हती. कंत्राटदार मला आंब्याची पेटी पाठवीत नसत, कारण ती परत येते हे त्यांना ठाऊक होते. मोठेपणा म्हणून हे सांगत नाही. आपण खोटे बोलत नाही अशी माझी स्वतःबद्दल पक्की समजूत होती. ती कशावर उभी होती ते कळावे, म्हणून सांगतो.

मोजणीला हातखंब्यापर्यंत जावे लागे, तो रस्ता चढाचा. तो सायकलने करून करून गुडघे कुरकुरू लागले होते. म्हणून फटफटी.

इंजिन मी स्वतः दुरुस्त केले. मुंबईहून एक इंग्रजी पुस्तक मागवले, लागणारे सुटे भाग टपालाने, व्ही. पी. ने आणले आणि नऊ रविवार मागल्या पडवीत बसून सगळे खोलले, रॉकेलमध्ये धुतले आणि पुन्हा जोडले. दहाव्या रविवारी ती सुरू झाली. शेजारच्या गोठ्यातल्या गाईने दावे तोडले. हे काम माझे होते, हे खरे आहे. पुढे जे खोटे बोललो त्याला याच खऱ्याचा टेकू मिळाला, म्हणून त्याचा उल्लेख केला.

राहिला रंग. रत्नागिरीत तेव्हा मोटारींना रंग देणारा कोणी नव्हता. पण खाडीच्या काठावर ओढून ठेवलेल्या शिडाच्या मचव्यांचा रंग मी येता-जाता पाहत असे. राजिवड्याच्या बाजूला मचवे रंगवणारा एक कारागीर होता, त्याचे काम लांबूनही ओळखू येई. मी त्याच्याकडे गेलो. माणूस पन्नाशी उलटलेला, माझ्याहून दहा वर्षांनी तरी मोठा. मी त्याला 'तू' म्हणालो आणि तो मला 'तुमी' म्हणाला. त्या काळी तसेच चाले. तो माझ्याबरोबर घरी आला, फटफटीभोवती दोन फेऱ्या घातल्या, टाकीवर बोटाने टकटक केले आणि नखाने गंज खरवडून तो नाकाशी नेला. मग विचारले, ही उन्हात उभी राहणार की सावलीत, आणि हिला खाऱ्या वाऱ्यावर किती वेळा न्याल. मी उत्तरे दिली आणि मजुरी विचारली.

त्याने मजुरी नको म्हणून सांगितले. सामान तेवढे मी आणायचे.

"मग?"

"मोटारवालं शेट तीन नव्या मोटारी बांधतायत," तो म्हणाला. "तुमच्या कचेरीत त्यांचा येनाजाना हाय. त्यांना ही दाखवा आनि बोला, कोनी केलान ते. बाकी काय नको."

हे शेट मोटारसर्व्हिस चालवीत. त्यांनी तीन नुसत्या मोटारी, म्हणजे चाके, इंजिन आणि सांगाडा, मुंबईहून आणवल्या होत्या. वरचे लाकडी घर, त्यावर पत्रा मारून, सुतार लावून इथेच, रस्त्यालगतच्या एका शेडमध्ये बांधून घेत होते. शिमग्याला चाकरमानी येतात, त्याआधी तिन्ही गाड्या संगमेश्वरच्या रस्त्यावर धावायच्या होत्या. त्यांच्या रंगाचे काम कोणाला द्यायचे ते ठरायचे होते.

कारागिराला ते काम का हवे होते, तेही त्याने मागाहून कामाच्या ओघात सांगितले. मचव्यांना रंग लागतो तो पावसाळ्यानंतर ते पाण्यात ढकलायच्या आधी, दीड-दोन महिने. बाकीचे वर्ष असेच काढायचे. त्यात आगबोटी आणि लॉऱ्या आल्यापासून दर वर्षी दोन-चार डोलकाठ्या कमी होत होत्या. त्याच्या बरोबरीचे लोक मुंबईला गोदीत गेले होते, दोराला टांगलेल्या फळीवर बसून आगबोटींचा गंज खरवडायला. त्याला जाता येत नव्हते. बायकोला डोळ्यांनी जवळजवळ दिसेनासे झाले होते, आणि घरात ती दोघेच. मोटारींचे काम मिळाले, आणि एकाचे पाहून दुसऱ्याने दिले, तर त्याला इथे राहता येणार होते.

मी म्हणालो, "सांगतो की. त्यात काय."

काम अठरा दिवस चालले. पहिले दोन दिवस नुसते घासणे: वाळू, नारळाचे केसाळ सोडण आणि रॉकेल. उघड्या पडलेल्या लोखंडाला त्याने मुशी माशाच्या तेलाचा हात फिरवला. मचव्यांना देतात तेच हे तेल. गंज पुन्हा धरत नाही, असे तो म्हणाला. त्याचा वास मागल्या दारातून थेट देवघरात गेला. बायकोने दोन दिवस तोंडाला पदर लावून स्वयंपाक केला, पण त्याला काही बोलली नाही. मग शेंदूर अळशीच्या तेलात खलून त्याचा एक थर, तो सुकायला तीन दिवस. शेंदरी फटफटी पडवीत उभी पाहून बायको म्हणाली, "आता एक नारळ फोडा आणि रुईची माळ घाला." तो कारागीर हसला, तेवढा एकदाच तो मोठ्याने हसलेला आठवतो. नंतर काळ्या रंगाचे चार हात, प्रत्येकाला दोन दिवस. दोन हातांच्या मध्ये तो सगळा पत्रा माकुलाच्या हाडाने घासून घेई. किनाऱ्यावर पांढरी हलकी हाडे वाहून येतात, तीच. काचकागदाने ओरखडे उठतात, हाडाने उठत नाहीत. मी हे सगळे त्याच्याजवळ उकिडवा बसून पाहिले आणि वहीत टिपून ठेवले. बायको त्याला दुपारी चहा देई, कोनाड्यात वेगळ्या ठेवलेल्या कपबशीतून, आणि तो पिऊन झाल्यावर ती विसळून पुन्हा कोनाड्यात ठेवी.

चौदाव्या दिवशी रेघ झाली. टाकीच्या दोन्ही अंगांना पिवळी, गव्हाच्या काडीएवढी. खारीच्या शेपटीच्या केसांचा कुंचला, त्याला लांब केस. पट्टी नाही, दोरी नाही. श्वास रोखून त्याने ती एका दमात टाकीच्या मागच्या टोकापासून पुढे नेली आणि पुढच्या टोकाला जराशी वर उचलली, मचव्याची पुढची नाळ वर उचललेली असते तशी. मी विचारले, "खाली नाव नाही घालत?"

"मचव्यावर मालकाचा नाव असता," तो म्हणाला. "आमचा कशाला? रेघ बघून कळता बंदरात कोनाची ती."

त्यावर राळेच्या रोगणाचे दोन हात, चार दिवस, आणि काम संपले. तीन पावसाळे गंजलेल्या त्या वस्तूत मला माझे तोंड दिसू लागले.

सोमवारी मी ती कचेरीत नेली आणि खिडकीखाली उन्हात उभी केली. सगळे खाली येऊन पाहून गेले. मला फार बरे वाटले. अकराच्या सुमारास ऊन तापले आणि सांध्यासांध्यांतून मुरलेल्या तेलाचा वास सुटून खिडकीतून आत येऊ लागला. आमचे हेडक्लार्क कडक सोवळ्याचे आणि तितकेच तिखट जिभेचे. त्यांनी पंचा नाकाला लावला.

"काय हो, गाडीत पेट्रोल घालता की बांगडे?"

सगळे हसले. त्यांनी पुढे विचारले, "बंदरावरच्या माणसाकडून रंगवून घेतलीत म्हणे? मग आम्ही हिला शिवायचं ते आंघोळीच्या आधी की नंतर?"

मला आजही नीट सांगता येत नाही की त्या क्षणी मला नेमकी कशाची लाज वाटली. तेल माशाचे होते, माणूस बंदरावरचा होता, आणि अठरा दिवस तो माझ्या मागल्या पडवीत बसला होता, यात लाज वाटण्यासारखे काही नव्हते. पण माझे कान तापले आणि मी म्हणालो, "छे हो. कसला बंदरावरचा माणूस. मीच रंगवली. पुस्तकात सगळं दिलेलं असतं. वास येतोय तो इंजिनाच्या एरंडेलाचा."

वहीतल्या टिपणांमुळे मला सगळे सांगताही आले. शेंदराचा थर, चार हात, रोगण. हेडक्लार्क म्हणाले, "वा, म्हणजे नुसतेच ढीग मोजत नाही तुम्ही," आणि विषय संपला. माझ्या दृष्टीने ही एक लहानशी गोष्ट होती, संध्याकाळपर्यंत विसरली जाणारी.

बुधवारी शेट आले. रस्त्याच्या एका मोरीबद्दल त्यांचे काही काम होते. जिना चढण्यापूर्वी त्यांनी फटफटी पाहिली होती, कारण वर येताच त्यांनी विचारले, "खाली ती कोणाची? रंग कोणी दिलाय?"

सांगायची वेळ ती होती. मी तोंड उघडण्याआधी हेडक्लार्कांनी माझ्याकडे बोट केले. "आमच्या भाऊसाहेबांनी. स्वतःच्या हातांनी."

"खरं?" शेटनी मला विचारले.

हेडक्लार्क समोर बसलेले होते. मी म्हणालो, "हो. फावल्या वेळात."

शेट मला हाताला धरून खाली घेऊन गेले. त्यांच्या वडिलांचे माल नेणारे दोन पडाव होते. लहानपण बंदरात गेलेले. त्यांनी रेघेवरून बोट फिरवले, टोकाशी थांबले आणि म्हणाले, "ही रेघ कुठे तरी पाहिल्यासारखी वाटते. हे टोक." मी म्हणालो, मचव्यांवर पाहून तशी काढली. ते म्हणाले, "हात चांगला आहे हो तुमचा. तुम्ही नोकरदार माणूस, नाहीतर माझ्या तिन्ही गाड्या तुमच्याच हवाली केल्या असत्या. आता कोल्हापूरची माणसं बोलवावी म्हणतो."

तिथे आम्ही दोघेच होतो. हेडक्लार्क वर होते. खरे बोलायला मला काहीच अडचण नव्हती, एवढी एक सोडून की दोन मिनिटांपूर्वी मी उलट बोललो होतो. मी मधला मार्ग काढला. म्हणालो, "इथल्या बंदरावरही एक कारागीर आहे. त्याचं काम चांगलं असतं, असं ऐकलंय."

"मचव्याचं निराळं आणि पत्र्याचं निराळं. पत्र्यावरचं त्याचं काम पाहिलंयत तुम्ही?"

त्या रंगवलेल्या पत्र्यावर माझा हात होता.

त्या संध्याकाळी तो कारागीर आमच्या आळीच्या तोंडाशी उभा होता. त्याला कळले होते की शेट कचेरीत येऊन गेले. "बोललात काय?" त्याने विचारले. मी म्हणालो, "बोललो. बंदरावरच्या माणसाचं काम चांगलं असतं, असं सांगितलंय." या वाक्यातला एकही शब्द खोटा नव्हता. मी ते तसे जुळवलेच होते. तो म्हणाला, मग उद्या जाऊन भेटतो. मी म्हणालो, दोन दिवस थांब. दोन दिवसांत काय होणार होते ते मला माहीत नव्हते. तो चार दिवस थांबला.

रविवारी मी शेडवरून जात होतो. शेटनी रस्त्यात येऊन हात वर केला आणि मला थांबवले. आत तीन सुतार फळ्या ठोकत होते आणि तो कारागीर एका बाजूला, डोक्यावरचे फडके हातात घेऊन उभा होता. शेट म्हणाले, "बरे आलात. हा म्हणतो तुमची फटफटी याने रंगवली. तुम्ही म्हणता तुम्ही. काय ते एकदा सांगून टाका, मला माणूस ठरवायचाय."

सुतारांनी हातोड्या थांबवल्या. कारागीर माझ्याकडे पाहत होता. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. माझे काहीतरी ऐकण्यात चुकले असेल आणि मी आता ते नीट करीन, अशा भावनेने तो पाहत होता. मला एक वाक्य बोलायचे होते. शेट ते कचेरीत सांगतील, हेडक्लार्क पंचा नाकाला लावतील आणि पंधरा वर्षांत ज्याच्या मोजणीत चूक निघाली नाही तो रंगाच्या डब्यावरून खोटे बोलला असे सगळे म्हणतील, एवढे सगळे माझ्या मनात येऊन गेले. मी म्हणालो, "रंग देताना याची मदत झाली."

मदत. तोच शब्द मी वापरला.

कारागीर शेटकडे वळला. "होय, शेट," तो म्हणाला. "मी नुसता पत्रा घासून दिला. रंग भाऊसाहेबांनी केलानी."

"मग मघाशी खोटं का बोललास?"

"कामाची गरज हाय म्हणून बोललो."

"खोटं बोलून काम मागतोस?" शेट म्हणाले. ते काही वाईट माणूस नव्हते. माझ्या समोरच त्यांना फसवल्यासारखे झाले होते. एका सुताराने दुसऱ्याकडे पाहून ओठ मुडपले. कारागिराने फडके डोक्याला बांधले आणि तो रस्त्याने खाली निघून गेला. शेट मला म्हणाले, "बघा. तुमच्या नावावर खपवत होता." मी फटफटी सुरू केली. ती पहिल्या लाथेलाच सुरू झाली.

घरी मी बायकोला काही सांगितले नाही. तिला ते पाणवठ्यावर कळले. तिने मला ताट वाढले, समोर बसली आणि म्हणाली, "तुम्ही गावाला काय वाटेल ते सांगा. मी त्याला अठरा दिवस चहा दिलाय." त्यानंतर त्या विषयावर ती बोलली नाही आणि फटफटीवर मागे कधी बसली नाही. लोकांना ती सांगे, वाऱ्याने कान दुखतात.

मला शेटकडे जाऊन खरे सांगायला सहा दिवस लागले. त्या सहा दिवसांत मी नेहमीप्रमाणे ढीग मोजले आणि एका कंत्राटदाराला साडेबारा घनफूट खडी कमी घातल्याबद्दल जाब विचारला. तो म्हणाला, "भाऊसाहेब, तुमच्यापुढे खोटं चालायचं नाही." हे ऐकून मी फटफटी वळवली आणि थेट शेडवर आलो.

कोल्हापूरहून दोन रंगारी आलेले होते. एका गाडीला लाल हात देऊन झाला होता, दुसरीला चालू होता. मी शेटना बाजूला घेऊन सगळे सांगितले. काही झाकले नाही. ते ऐकत होते, पण त्यांचा चेहरा जसजसा मी बोलत गेलो तसतसा कोरा होत गेला.

"भाऊसाहेब," ते म्हणाले, "मी तुम्हाला दोनदा विचारलं. त्याला विचारलं. दोघांनी एकच सांगितलंत. आता तुम्ही म्हणता ते सगळं खोटं. त्याची दया येऊन तुम्ही हे बोलत नसाल कशावरून?"

मी म्हणालो, दया नाही. ते म्हणाले, शब्दांवर आता त्यांचा भरवसा नाही. तिसरी गाडी अजून लाकडीच उभी आहे. त्याला घेऊन या. रंगाचा नमुना पाहायला काळा केलेला एक पत्रा इथे पडला आहे, त्यावर त्याने त्यांच्यासमोर एक रेघ काढावी. फटफटीवरच्या रेघेशी जुळली तर तिसरी गाडी त्याची, आणि पुढच्या वर्षीच्या रंगाचेही पाहू.

एवढे उरले होते, आणि ते पुरेसे होते. मी राजिवड्याला गेलो. त्याच्या घराला बाहेरून कडी होती. शेजारची बाई म्हणाली, मांडवीला गेला, मुंबईची बोट धरायला. शिमगा आठवड्यावर आलेला. मुंबईहून येणाऱ्या बोटी माणसांनी भरून येत होत्या. त्या दिवसांत मुंबईला कोणी जात नाही.

तो धक्क्यावर एका वळकटीवर बसला होता. आगबोट लांब उभी होती आणि तिच्याकडे माणसे नेणारा पडाव धक्क्याला लागत होता. मी फटफटी उभी केली आणि त्याला सांगितले की मी शेटकडे जाऊन खरे बोललो, आणि त्याने आत्ता माझ्याबरोबर यायचे आहे, एक रेघ काढायला. मला वाटत होते की तो लगेच उठेल.

त्याने विचारले, "शेटला पटला?"

"रेघ पाहिली की पटेल."

"म्हंजे नाय पटला. बायकोला हेदवीला तिच्या भावाकडे पोचवून आलो. गोदीत एकानं शब्द टाकलान, परवा उभा राहायचाय. तिकीट काढला. आता एका मोटारीसाठी माघारी येऊन, ज्यांनी माला खोटा ठरवलानी त्यांच्यापुढं परीक्षा देऊ?"

मी म्हणालो, खोटा मी होतो. त्या दिवशी तू माझी बाजू का घेतलीस? तू नुसता 'नाही' म्हणाला असतास तर मला खरे बोलावे लागले असते.

"तुमची बाजू कसली घेतली?" तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात प्रथमच धार आली. "तुमी 'मदत' बोललात तिथंच माझा काम गेला. मग कचेरीतल्या माणसाशी चारचौघांत भांडून काय करू? उद्या दुसरा कोन माला दारात उभा करील? दोघांचा तोंड काळा होनार होता. एकाचा झाला तर निदान एकाचा वाचला. तो तुमचा वाचला, एवढाच."

पडाववाल्याने हाळी दिली. तो उठला, वळकटी खांद्यावर घेतली आणि जाता जाता फटफटीपाशी थांबला. मागच्या चाकावरच्या पत्र्यावर दगड उडून कवडीएवढा टवका निघाला होता, तो त्याने पाहिला. म्हणाला, आजच त्याला तेल लावा, उद्यापर्यंत गंज धरील. मग तो पायऱ्या उतरून पडावात बसला, धक्क्याकडे पाठ करून, कारण बसायची रिकामी जागा तशीच होती. मी पडाव आगबोटीला लागेपर्यंत उभा राहिलो. त्याला पैसे देऊ करावेत असे मनात आले होते, पण ते वेळेवर सुचले नाही, आणि सुचले असते तर मी ते केले असते याचीच भीती वाटते.

शेडपाशी शेट वाट पाहत होते. त्यांनी खरोखर तयारी केली होती. काळा पत्रा दोन पेट्यांवर आडवा ठेवला होता, शेजारी वाटीत पिवळा रंग आणि बारीक कुंचला. दोन्ही रंगारी आणि तिन्ही सुतार काम थांबवून उभे होते; त्यांना सांगितलेले असावे.

"तो येत नाही," मी म्हणालो. "मुंबईला गेला."

शेटनी कुंचला उचलला, रंगात बुडवला, वाटीच्या काठावर निथळला आणि दांड्याकडून माझ्यापुढे धरला.

"मग तुम्ही काढा, भाऊसाहेब. वीतभर. एकच."

मी हात पुढे केला नाही. कुंचल्यावरून एक थेंब खाली जमिनीवर पडला.

"मला येत नाही," मी म्हणालो. माझा आवाज बारीक आला, म्हणून मी पुन्हा बोललो. "मला रेघ काढता येत नाही. कधी काढलेली नाही. त्या फटफटीवर रंगाचा एकही हात माझा नाही. सगळा त्याचा."

कोणी हसले नाही. हसले असते तर बरे झाले असते. ज्या सुताराने त्या दिवशी ओठ मुडपले होते तो जमिनीकडे पाहू लागला.

शेटनी कुंचला वाटीत ठेवला. "आता पटलं," ते म्हणाले. "पण आता पटून मी करू काय, ते तुम्हीच सांगा."